चार की आठ

काच अंगठ्याच्या बुंध्यात शिरली होती आणि तिच्यावर कागदाचा एक ओला कपटा चिकटलेला होता. मी ती उपटून काढली. रक्त आलं. नळाखाली हात धरला तरी येत राहिलं. फुरशाच्या विषाची नळी धुताना माझ्या हातात फुटली होती. त्या नळीतलं विष जिवंत होतं की मेलेलं, हे सांगणारा आकडा त्या कपट्यावर अर्धाच उरला होता.

"मॅडम!" मी ओरडले.

मॅडम शेजारच्या खोलीत लिहीत बसल्या होत्या. धावत आल्या. मोरीत काचा, पाण्यात रक्त, माझा हात, सगळं त्यांनी एकदम बघितलं.

"कुठली नळी?"

"चार."

"नक्की?"

"नक्की."

नक्की काही नव्हतं. पण त्या वेळी माझ्या तोंडातून दुसरं काही निघणं शक्य नव्हतं. चार म्हणजे मेलेलं विष. आठ म्हणजे जिवंत.

मॅडमनी चिमट्याने तो तुकडा उचलला आणि खिडकीशी नेला. कपट्याची वरची बाजू फाटून गेली होती. खाली शाईचा एक गोल तेवढा राहिला होता.

"मावशी, हा आठ आहे," त्या म्हणाल्या. "चाराला खाली गोल कुठे असतो?"

"असतो. मराठी चाराला असतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मराठीत आकडे घातले?"

"एकच घातला. चारच. बाकी सगळे तुमच्यासारखे."

"मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं!"

सांगितलं होतं, ते खरं. इंग्रजी आठ आणि मराठी चार यांच्यात फरक तो काय? आठाचं डोकं मिटलेलं, चाराचं उघडं. खालचा गोल दोघांनाही. आणि या कपट्याला डोकंच नव्हतं.

हे नीट कळायचं तर ते काम काय होतं ते सांगायला हवं. ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी नळ्या-बाटल्या धुवायला होते. माझी शाळा चौथीपर्यंत. मॅडम तिथे शिकवायच्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बिनलग्नाच्या, बोलायला तिखट, आणि तास संपले की मागच्या खोलीत स्वतःचा प्रयोग करत बसायच्या. त्या खोलीत त्या आणि मी, तिसरं कोणी नाही. मी फक्त धुवायला होते, पण त्या एकट्या पडायच्या म्हणून मला सगळं सांगायच्या. मी विचारत नसे, तरी सांगायच्या.

विष म्हणजे एक लांब धागा असतो, असं त्या म्हणायच्या. तो धागा विशिष्ट तऱ्हेने गुंडाळलेला असतो. ती गुंडाळी जमलेली असली तरच ते विष. धागा सोडवला की त्याच्यात काही दम नाही. सोडवायला त्या युरिया वापरायच्या, शेतात घालतात तोच, पण साफ केलेला. त्याच्या जोडीला एक औषध असायचं. ते उघडलं की खोलीत सडक्या बांगड्याचा वास सुटायचा आणि मला दार लावून घ्यावं लागायचं, कारण पलीकडे वर्ग चालू असायचा. एवढं केलं की धागा सुटायचा. खरं काम त्याच्या पुढचं होतं. तोच धागा परत पहिल्यासारखा गुंडाळायचा. आपण हाताने गुंडाळू शकत नाही. त्याचा तोच गुंडाळला जातो, पण पाणी त्याला आवडेल असं हवं.

"मेलं ते बरं झालं. परत कशाला जिवंत करायचं?" मी एकदा विचारलं.

"पुढे औषधं जंतूंकडून बनवून घेणार आहेत, मावशी. त्यांचा धागा गुंतलेला निघतो. तो कुठल्या पाण्यात सरळ होतो ते कोणीतरी शोधायला हवं ना?"

"मग औषधच घ्या की. फुरसंच कशाला?"

"कारण ते जिवंत झालं की लगेच कळतं."

कळायचं ते असं. मी खाटकाकडून बोकडाचं रक्त आणायची. मॅडम त्यात काहीतरी घालून ठेवायच्या, मग ते कितीही वेळ पातळच राहायचं. त्यात जिवंत विषाचा थेंब टाकला की बघता बघता त्याची जेली व्हायची. मेलेल्या विषाने काही व्हायचं नाही. विषाची पिवळी पूड मुंबईहून यायची. आमच्याच कातळाच्या सड्यावरची फुरशी पकडून मुंबईला जायची आणि त्यांचं विष बाटलीतून परत यायचं. मला त्याचं हसू यायचं. भीतीही वाटायची. माझी धाकटी जाऊ लांज्याकडे माहेरी गेली होती तेव्हा तिला फुरसं चावलं. दोन दिवस ती चांगली बोलत होती. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा तिचे दात लाल होते आणि ती मला ओळखत होती. त्यानंतर मी तसं मरण पाहिलं नाही, आणि पाहायचंही नव्हतं.

तर पाणी. त्याला मॅडम बफर म्हणायच्या. आंबटपणा बदलू न देणारं पाणी. ते किती आंबट हवं, त्यात मीठ किती हवं, गार हवं की साधं, त्यात एक पांढरी पूड असायची ती घालायची की नाही, धाग्याला गाठीही असतात, त्या सोडणारं औषध किती आणि बांधणारं किती. सगळं एकमेकांवर अवलंबून. पहिले काही महिने मॅडम एक एक गोष्ट बदलून बघत होत्या आणि रोज हात हलवत घरी जात होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "सगळं धरून बघायचं तर हजारभर नळ्या होतील. मी म्हातारी होईन."

त्यांनी कागदावर चौकटी आखल्या. आडव्या चार, उभ्या सहा. चोवीस नळ्या. चार आडव्या ओळींना चार आंबटपणे. उभ्या रांगांत मीठ, पूड आणि गाठींची औषधं अशी वाटली की कुठलीही एक गोष्ट दुसऱ्या प्रत्येकीबरोबर कुठे ना कुठे येते. आठ दिवस त्या खोडत होत्या आणि परत मांडत होत्या. रांगोळीचे ठिपके चुकले की पुसतात तसं. शेवटी जो कागद राहिला तो त्यांनी भिंतीला लावला. त्यांच्या मते त्या कागदातच सगळी अक्कल होती, बाकी ओतणं तर कोणीही करेल.

ओतणंही तसं नव्हतं. पहिल्या खेपेला चोवीसच्या चोवीस नळ्या पांढऱ्या गढूळ झाल्या. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. मी बघितलं होतं त्या कशा ओततात ते. मी म्हटलं, "कोकमाचं आगळ नारळाच्या दुधात एकदम ओतलं तर फुटणारच. थेंब थेंब घालावं लागतं, ढवळत."

"सोलकढी नाहीये ही."

"नाहीये तर नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्या थेंब थेंब घालत होत्या. चोवीसपैकी नऊ नळ्या स्वच्छ राहिल्या. पुढे त्या मला म्हणाल्या की ते पुस्तकातही लिहिलेलं आहे. असेल.

नळ्यांना चिठ्ठ्या लावायचं काम माझं. आमच्या शाळेत आकडे मराठीत शिकवले, माझा हात मराठीतच वळतो. अगदी पहिल्या आठवड्यात माझा चार त्यांनी आठ म्हणून वाचला आणि दिवसभराचं काम फुकट गेलं. तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे मला इंग्रजी आकडे गिरवायला लावले. मी गिरवले. चुकत नव्हते. पण नऊ नळ्या स्वच्छ राहिल्या त्या खेपेला वीज गेली होती, त्यांची घाई चालली होती, आणि चार नंबरच्या चिठ्ठीवर माझ्या हाताने आपोआप मराठी चार काढला. डिंक लावून चिकटवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी ती चिठ्ठी बदलली नाही. नळी स्टँडमध्ये चौथ्या भोकात आहे, जागेवरून कळेलच, असं मनाशी म्हटलं. बोलणी खायची नव्हती, एवढंच खरं कारण.

त्या खेपेला नऊ स्वच्छ नळ्यांमधून मॅडमनी दोन बाजूला काढल्या. चार आणि आठ. दोन्ही पाण्यासारख्या साफ दिसत होत्या. पण बोकडाचं रक्त आठनेच गोठलं, चारने नाही. म्हणजे चारमध्ये धागा गुंडाळला गेला होता पण चुकीचा, आणि आठमध्ये बरोबर. दोन वर्षांत पहिल्यांदाच जमलं होतं. मॅडमनी दोन्ही आटवून दाट केल्या आणि बर्फाच्या बादलीत खुपसून ठेवल्या. फ्रिज बंद होता ना. बर्फ बंदरावरच्या कारखान्यातून आणलेला, त्याला मासळीचा वास. सकाळपासून तो वितळत होता.

दुपारी त्या म्हणाल्या, "आठ मला हवी आहे. चार धुऊन टाकलीत तरी चालेल."

मी बादलीत हात घातला. बर्फाचं पाणी झालं होतं. एका नळीची चिठ्ठी सुटून गेली होती. दुसरीवर होती, मी ती वाचली, चार वाचली, आणि नळी मोरीत नेली. ब्रश आत घातला, बूड फुटलं, आणि काच हातात गेली.

आता मॅडम त्या तुकड्याकडे बघत होत्या.

"तुम्ही धुवायला घेताना काय वाचलंत? उघडं डोकं की मिटलेलं?"

"उघडं."

"आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. डोळ्यांपुढे आणू गेले की कधी उघडं दिसे, कधी मिटलेलं. मी जिभेने हिरड्या चाटून बघितल्या. खारट लागल्या. मग कळलं की तोंडात घाम गेलाय.

मॅडमनी माझ्या मनगटाला हातरुमाल घट्ट बांधला, आणि लगेच सोडला. फुरशाच्या विषाला बांधायचं नसतं, असं त्यांच्या त्याच म्हणाल्या. आम्ही खाली उतरलो आणि रिक्षा केली. सरकारी इस्पितळात जाईपर्यंत रस्त्याला तीन चढ आहेत, प्रत्येक चढावर मला वाटे की आता छातीत काहीतरी होतंय.

डॉक्टर तरुण होता, घाटावरचा. त्याने हात बघितला.

"काय चावलं?"

"फुरसं," मी म्हटलं.

"दाताच्या खुणा कुठायत? हे तर कापलंय."

"साप नाही," मॅडम म्हणाल्या. "नळी."

"नळी चावली?"

"प्रयोगशाळेतली नळी. तिच्यात विष होतं. किंवा नव्हतं. म्हणजे होतं, पण सोडवलेलं."

डॉक्टर मॅडमकडे बघत राहिला. मॅडमनी त्याला सगळं सांगितलं, धागा, गुंडाळी, चार, आठ. मधेच त्याने हात वर केला.

"बाई, मला एवढंच सांगा. विष आहे की नाही?"

"तेच तर माहीत नाही!"

"मग आपण हिच्या रक्तालाच विचारू."

त्याने माझ्या दंडातून रक्त काढलं आणि एका कोरड्या काचेच्या नळीत ओतून टेबलावर उभं केलं. वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग आडवी करायची. गोठलं तर ठीक. पातळच राहिलं तर विष चढलं. मी म्हटलं, बोकडाचं रक्त तर विषाने गोठतं. मॅडम म्हणाल्या, नळीत गोठतं, पण अंगात गेलं की ते गोठवणारं सगळं खर्चून टाकतं, आणि मागे रक्त पातळच राहतं. मला वाटलं, हे मला आधी का सांगितलं नाही. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं.

टेबलावर आधीपासून आणखी एक नळी उभी होती. पलीकडच्या खाटेवर पाली गावाकडची एक बाई होती, पंचविशीची. सासूबरोबर गवत कापायला गेली होती. विळ्याखाली फुरसं आलं. आधी गावात कोणाकडे तरी नेऊन मंत्राने विष उतरवून घेतलं, मग एस.टी.ने आणलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. सासू उशाशी बसली होती आणि पदराने तिच्या ओठांच्या कडा पुसत होती. पदर लाल होत होता.

मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. नळीकडे बघायचं तर दोन नळ्या शेजारी शेजारी.

"त्यांवर नंबर घालू नका," मी डॉक्टरला म्हटलं. "नाव लिहा."

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

मॅडमना मग सुचलं. "बादलीत दुसरी नळी आहे ना! तिची चिठ्ठी सुटली, पण आतलं आहे. तिचा थेंब बोकडाच्या रक्तात टाकते. गोठलं तर ती आठ, म्हणजे फुटली ती चार. नाही गोठलं तर..." त्या निघाल्या. दारातून परत वळल्या. "मावशी, मी लगेच येते."

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरने पालीच्या बाईची नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं काठाकडे धावलं. त्याने सिस्टरला बोलावलं.

"सापाच्या इंजेक्शनच्या किती कुप्या आहेत?"

"पाच."

"आणखी?"

"उद्या येतील. कोल्हापूरहून."

"तीन काढा. हळू द्यायच्या आहेत, अंगावर गांधी उठल्या तर मला हाक मारा."

उरल्या दोन. मी खाटेवरून उठून बसले. "डॉक्टर, दोन माझ्यासाठी राखून ठेवा."

मला लाज वाटली नाही. आत्ताही वाटत नाही. मला जगायचं होतं.

सासूने मान वर केली. "हिला काय चावलाय गो? बाटली! नि माझ्या सुनेच्या तोंडातून रगत येतंय, दिसत नाय हिला?"

"दिसतंय," मी म्हटलं.

"दिसतंय तर गप बस."

"तुमची सून आहे म्हणून तुम्ही बोलताय. माझ्यासाठी बोलणारं इथे कोण आहे?"

"भांडू नका," डॉक्टर म्हणाला. "तिला आधी तीन देतो. मग तिचं रक्त परत तपासू. तुमचं पण बघू. कुणाला काय द्यायचं ते रक्त सांगेल."

वीस मिनिटं झाली. त्याने माझी नळी उचलली. मी डोळे मिटले. मग वाटलं, मिटून काय होणार, आणि उघडले. त्याने नळी आडवी केली. रक्त हललं नाही. तो गोळा नळीला धरून बसला होता.

"ठीक आहे सध्या."

"सध्या?"

"चढायला वेळ लागतो. काहींना सात-आठ तास. दर दोन तासांनी बघू."

म्हणजे सुटका नाहीच. मी खाटेवर आडवी झाले आणि हाताचं कापड बघत राहिले. रक्ताचा डाग वाढतोय का? वाढतोय असं वाटे. बोटाने शाईचा टिपका लावून मी डागाची कड आखून घेतली, सिस्टरच्या टेबलावरची शाई घेऊन. थोड्या वेळाने बघितलं तर डाग रेषेच्या आतच होता. मग तो रेषेपर्यंत आला की काय असं वाटे आणि परत बघे. हिरड्यांना जीभ लावणं चालूच होतं. इतकी लावली की जीभ दुखायला लागली.

उन्हं कलली तेव्हा मॅडम आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तरी मी वाट बघितली त्यांनी बोलायची.

"रक्त नाही गोठलं," त्या म्हणाल्या. "दोनदा करून बघितलं. बादलीत राहिलेली चार आहे."

"म्हणजे फुटली ती आठ."

"हो."

मी तिचं मिटलेलं डोकं उघडं वाचलं होतं. चूक कोणाची, हे विचारायचं काही राहिलं नव्हतं, ती माझीच होती.

मॅडम डॉक्टरकडे वळल्या. "त्या आठमधलं विष पूर्ण जिवंत होतं. मी सकाळीच तपासलंय. बोकडाचं रक्त एका मिनिटात गोठलं. शिवाय मी ते आटवून दाट केलं होतं." आवाज घाबरलेलाच होता. पण त्या घाबरण्याच्या आत, एवढुसा का होईना, अभिमान होता. आपली नळी चांगली निघाली याचा. मला त्यांचा राग आला. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, तरी ते एक वाक्य मी विसरले नाही.

"किती गेलं असेल आत?" डॉक्टरने विचारलं.

"सांगता येत नाही. थेंबभर. कदाचित तेवढंही नाही. मावशी नळी रिकामी करून धूत होत्या."

"बाई, तुम्ही काय सांगाल?" डॉक्टर मला म्हणाला. "पाण्याखाली हात धरला होता ना?"

"लगेच धरला."

पालीच्या बाईची दुसरी नळी तोवर आडवी करून झाली होती. अजूनही पातळ. तिला कण्हायचीही ताकद नव्हती. सासू आता भांडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, फक्त बघत होती, आणि ते मला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, दोन कुप्या आहेत ना? माझ्या माणसाला द्या. विष जिवंत होतं, मी सांगते आहे."

डॉक्टरने माझी दुसरी नळी उचलून आडवी केली. गोठलेलं. त्याने ती मॅडमच्या डोळ्यांपुढे धरली. मग त्या बाईची धरली.

त्या क्षणी मला काय वाटत होतं ते मला नीट ठाऊक आहे. मला वाटत होतं की पुढच्या तासाला माझं रक्त पातळ होईल, आणि तोवर कुप्या संपलेल्या असतील, आणि मी जावेसारखी लाल दातांनी मरेन. पण माझ्या तोंडातून रक्त येत नव्हतं आणि तिच्या येत होतं. हे मला दिसत होतं, मॅडमना दिसत नव्हतं.

"तिला घाला," मी म्हटलं.

"मावशी!"

"घालू दे त्याला."

सासूने आभार मानले नाहीत. ठीकच होतं. सिस्टरने दोन्ही कुप्या फोडल्या आणि काचेचा तो आवाज ऐकून मी दोन्ही हात पोटाशी घेतले.

पुढे रात्रीपर्यंत माझं रक्त आणखी दोनदा काढलं. दर खेपेला वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे किती असतात ते मला तेव्हा कळलं. शेवटच्या खेपेला मॅडम माझ्या पायथ्याशी बसून होत्या आणि माझ्याइतक्याच नळीकडे टक लावून होत्या. एकदा म्हणाल्या, "मावशी, मी स्वतः चिठ्ठ्या लावायला हव्या होत्या."

"हव्या होत्या," मी म्हटलं.

"आणि ती धुवायला सांगायला नको होती."

"चार धुवायला सांगितली होती तुम्ही. ती मी धुतली नाही."

त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. मला रडायला आलं नाही. मला तहान लागली होती, पण पाणी पिऊन तोंड खारट होतंय की नाही ते कळणार नाही म्हणून मी पीत नव्हते. किती मूर्खपणा.

नळी आडवी केली. गोठलेलं.

इतकं जिवंत विष माझ्या हातात शिरलं आणि का चढलं नाही, ते डॉक्टरला सांगता आलं नाही, मॅडमनाही नाही. फार थोडं गेलं असेल. नळाखाली वाहून गेलं असेल. बर्फाच्या पाण्याने हात गार पडला होता म्हणून रक्त हळू चालत असेल, असंही डॉक्टर म्हणाला, पण ते त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं. मॅडमनी मात्र वहीत सगळं लिहून घेतलं, किती वाजता काच लागली, किती वाजता कुठली नळी आडवी केली. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून कुप्या आल्या. पालीच्या बाईला आणखी दिल्या. दुपारी तिच्या रक्ताची नळी डॉक्टरने आडवी केली, आणि गोळा जागचा हलला नाही.

मी जगले. पालीची ती बाईही जगली. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.